दहा वेळा ऐकून बघ

सांगलीच्या हॉस्टेलवर माझ्याकडे एक भरून घेतलेली कॅसेट होती. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. भरून देणाऱ्या मित्राने पहिल्या बाजूच्या शेवटी डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडचं 'टेलिग्राफ रोड' टाकलं होतं. ते गाणं १४ मिनिटांचं. दहाव्या मिनिटाच्या आसपास टेप संपायची आणि बटण खटकन वर यायचं. खोलीतल्या आम्हा तिघांसाठी चार वर्षं ते गाणं तिथेच संपत होतं. पुढे गिटार कुठवर धावत जाते हे मला कळलं ते नेदरलँड्सला आल्यावर, लायब्ररीतून सीडी घरी आणली तेव्हा. तोंडपाठ गाण्यात चार मिनिटं कोरी निघाली! आजही दहाव्या मिनिटाला कान त्या खटक्याची वाट बघतात.

मी राहतो आइंडहोवनला, फिलिप्सच्या गावात. कॅसेट याच कंपनीची. लू ओटेन्स नावाच्या डच इंजिनिअरने आधी लाकडाचा एक ठोकळा करून तो कोटाच्या खिशात घालून बघितला, आणि यंत्र या मापात बसलं पाहिजे असं ठरवलं. १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांसमोर आली. २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी ओटेन्स गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी मी हॉस्टेलच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवलं. आमच्या तरुणपणाचा आकार ज्या माणसाने ठरवला, त्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. निमित्त झालं अभंग रिपोस्ट या मुंबईच्या बँडचं. ही मुलं संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रम्स घेऊन गातात. मी त्यांचं एक गाणं ग्रुपवर टाकलं. माझ्या जुन्या रूममेटचं उत्तर लगेच आलं : "अभंगाला ड्रम लावले, आता राहिलं काय? आपल्या वेळची गाणी ती गाणी." त्याखाली अकरा जणांचे अंगठे. आपल्याकडे दर दिवाळी पहाटेच्या आसपास हा वाद या ना त्या रूपात निघतोच. एक बाजू म्हणते, आता तसं कोणी लिहीत नाही, गात नाही. दुसरी म्हणते, तीच ती पंधरा गाणी किती वर्षं ऐकायची?

हा वाद फक्त आपला नाही, हे इथे आल्यावर कळलं. डच रेडिओ २ वर १९९९ पासून दर वर्षी 'टॉप २०००' लागतं. श्रोत्यांनी मतं देऊन निवडलेली दोन हजार गाणी, नाताळच्या दिवसापासून ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत, रात्रंदिवस. बेकरीत, ऑफिसात, पोरांच्या सायकली दुरुस्त करणाऱ्याकडे, सगळीकडे तेच चालू असतं. बहुतेक वर्षी पहिला नंबर क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा, म्हणजे १९७५ च्या गाण्याचा. दर डिसेंबरला इथले तरुण कुरकुरतात, ही म्हाताऱ्यांची यादी आहे. आणि २०२० मध्ये डॅनी व्हेरा या डच गायकाचं 'रोलर कोस्टर' पहिलं आलं. ते गाणं आदल्याच वर्षीचं. त्या वर्षअखेरीस आमच्या चहाच्या टेबलावर जे भांडण झालं, त्यात भाषा सोडली तर सगळं सांगलीचं होतं.

मला दोन्ही हवं आहे, आणि हे मी मन राखण्यासाठी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण नव्या गाण्याला जुन्या गाण्याइतका वेळ देत नाही. हॉस्टेलवर महिन्याला एक कॅसेट परवडायची. पैसे घातलेत म्हटल्यावर न आवडलेली बाजूसुद्धा ऐकावी लागायची. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यातलंच एखादं गाणं धरून ठेवायचं आणि मग जन्मभर सोडायचं नाही. आता तोच माणूस वीस सेकंद ऐकतो, बोटाने पुढे सरकवतो आणि सांगतो की हल्ली काही दम नाही. चाळीस वेळा ऐकलेल्या गाण्याशी वीस सेकंदांची तुलना करणं हा अन्याय आहे. मला तो मनापासून खटकतो. कारण त्या मुलांनी तालमी केल्यात, गावोगाव फिरून वाजवलंय, आणि आपण त्यांना एका चहाइतकाही वेळ देत नाही.

मी स्वतः हे शिकलो ते कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात. भेंडी आणि कोथिंबीर तिथेच चांगली मिळते. एका शनिवारी तिथे एक गाणं वाजत होतं. बेस गिटार थेट सत्तरच्या दशकातली, आणि तिच्यावर एक तारवाद्य, आपल्या तुणतुण्याच्या लांबच्या नात्यातलं वाटावं असं. कोणाचं म्हणून विचारलं, तर दुकानदाराची मुलगी म्हणाली, "आल्तिन ग्युन". हा अॅमस्टरडॅमचा बँड. यास्पर व्हेर्हुल्स्ट या डच बेसवादकाला इस्तंबूलमध्ये जुन्या तुर्की रेकॉर्ड मिळाल्या, त्यांचं त्याला वेड लागलं, आणि परत येऊन त्याने तुर्की गाणारे लोक शोधायला फेसबुकवर जाहिरात दिली. अनातोलियाची लोकगीतं ते विजेच्या साजावर वाजवतात. २०१९ च्या त्यांच्या 'गेजे' या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दुकानदार साठीचे आहेत. वजनकाट्यावर भेंडी तशीच ठेवून ते म्हणाले, "हे आमच्या वडिलांचं गाणं. ते इथे कामाला आले तेव्हा हेच गुणगुणायचे." मुलीसाठी तो बँड नवा, वडिलांसाठी गाणं जुनं, माझ्यासाठी दोन्ही नवं. आणि एकाच गाण्यावर आम्हा तिघांची बोटं काउंटरवर ठेका धरत होती.

घरी येऊन तो अल्बम मी कॅसेटसारखा ऐकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता, रोज, दोन आठवडे. भाषा आजही कळत नाही. पण त्यातल्या दोन गाण्यांना आता 'टेलिग्राफ रोड'च्या शेजारी जागा आहे. विशीतल्या गाण्यांशी आपली गाठ जास्त घट्ट बसते हे मला मान्य आहे. त्या वयात सगळंच पहिल्यांदा घडत असतं. पण पन्नाशीत नवी गाठ बसतच नाही, हे मला मान्य नाही.

ड्रम्सविषयी रूममेटला मी पेटीची आठवण करून दिली. पेटी युरोपातून आली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय भजनाला बसायची कल्पना कोण करेल? आणि ज्याला आपण जुनं सोनं म्हणतो ते गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक नवं गाणं असं आलं, एकूण ५६. लोक पुढच्या गाण्याची वाट बघत रेडिओपाशी बसत होते.

त्याने जे उत्तर दिलं त्याने मी थांबलो. "तू तिथे कानात घालून ऐकतोस. इथे नवं गाणं भिंतीतून घरात येतं." हे खरं आहे. इथे नवं गाणं माझ्याकडे विचारून येतं, नको असेल तर जातं. त्याच्या घराशेजारी मंगल कार्यालय आहे. वरातीच्या स्पीकरने कपाटातल्या काचा थरथरतात, आणि त्याच्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे. परदेशात बसून मोकळ्या कानाने ऐका म्हणणं सोपं आहे, हे मी त्याला लिहून कबूल केलं. पण त्या स्पीकरचा राग अभंग गाणाऱ्या पोरांवर काढू नकोस, असंही लिहिलं.

मग आम्ही ठरवलं. त्याने तो अभंग दहा वेळा ऐकायचा, गाडीत, एकट्याने, सांगली-मिरज जाता-येता. मी त्याने पाठवलेलं एक जुनं भावगीत दहा वेळा ऐकायचं. ते मी आजवर कायम टाळत आलो होतो, कारण वडील ते रोज सकाळी दाढी करताना लावायचे. माझी सहा वेळा झाली आहेत, आणि दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनची एक ओळ आहे, ती मला आत्ता कुठे ऐकू आली.

त्याचा मेसेज काल आला. "पहिल्या दोन वेळा राग आला. तिसऱ्यांदा ड्रम आहेत हे विसरलो. अजून सात राहिलेत."