तक्रार नाही म्हणून दहापैकी दहा?

रबाळ्याला मामाचं छोटं मशीनशॉप आहे. परवा त्याने मला एक मेसेज पाठवला: ‘व्हेंडरशी नातं कसं आहे? पाच प्रश्न, ५० गुण, दोन मिनिटांत निकाल.’ खाली मामाची भर, ‘मोठ्या पार्टीने मला ४६ दिले!’ त्याच पार्टीकडे त्याची चार महिन्यांची बिलं अडकली आहेत.

पहिलाच प्रश्न बघा. वर्षात एकदाही वाद झाला नसेल तर १० गुण. अहो, मामाचा निम्म्याहून जास्त माल त्या एका पार्टीला जातो. रिजेक्शनच्या नावाखाली डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आली तरी तो गिळतो. याला सलोखा म्हणायचं? विकणारा-घेणारा नात्यातलं ‘वातावरण’ हा शब्द ज्यांनी या विषयात रुजवला त्या युरोपातल्या आयएमपी या संशोधक गटाचा अभ्यास १९८२ साली हाकन्सन यांच्या संपादनाखाली आला. पाच देशांत त्यांनी विकणारे आणि घेणारे, दोघांनाही बोलतं केलं. कोण कोणावर किती अवलंबून, सहकार्य किती, संघर्ष किती, जवळीक, एकमेकांकडून अपेक्षा, हे सगळं त्यांनी धरलं. या मेसेजात अवलंबित्वाचा प्रश्नच नाही, आणि तक्ता भरणारा एकटा खरेदीदार!

आणखी घातक वाक्य: ‘४५ दिवसांचा नियम लेखी करार असेल तरच, विश्वासाच्या नात्यात तारखा विचारू नयेत.’ साफ चूक. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराशी लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी ४५ च्या पुढे नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मामाची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, आहे, म्हणून हे त्याला लागू आहे.

किती वर्षांचा व्यवहार, दिवाळीला मिठाई येते का, या मेसेजातल्या बाकी प्रश्नांवर वेळ घालवत नाही.

एक मात्र मान्य, नाइलाजाने. वातावरण मोजायला हवं. मी स्वतः महापेला परचेसमध्ये आहे. आम्ही भाव, क्वालिटी, डिलिव्हरीला गुण देतो. समोरचा फोन उचलायला घाबरतो का, याला आमच्या शीटमध्ये रकाना नाही.

मामाला विचारलं, तू त्यांना किती देशील?

“आधी बिल निघू दे,” म्हणाला, “मग सांगतो.”