महाराजांच्या नावाने पार्सल

"तीन हजारांत शिवकालीन शिवराई, महाराजांचं तांब्याचं नाणं, वर चौकट आणि प्रमाणपत्र. आणि पैसे पार्सल हातात पडल्यावर द्यायचे. यात फसण्यासारखं काय आहे?" पिंट्याने मोबाईल अण्णांसमोर धरला. बाबांना देव्हाऱ्यात ठेवायला हवी म्हणून त्याने ऑर्डर देऊनही टाकली होती.

अण्णांचं सगळं आयुष्य नाणी जमवण्यात गेलंय. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "नाणं जुनं असेल रे. पण शिवकालीन नाही."

"त्यावर 'श्री राजा शिव' लिहिलंय की!"

"तेच तर. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई सुरू झाली. पण महाराजांनंतरही तीच अक्षरं घेऊन ती पडत राहिली. पेशवाईत तर भरपूर पडली, इंग्रजांनी पुणं घेतल्यावरसुद्धा काही वर्षं. मागच्या बाजूला मजकुरामध्ये या दोन आडव्या रेघा दिसतात ना? ही दुदांडी. फार उशिराची. जुन्या बाजारात काही शेकड्यांत मिळते."

मास्तर मध्ये पडले. "अण्णा, भक्तिभावाने ठेवणाऱ्याला सालाशी काय करायचंय? नाव महाराजांचंच आहे ना त्यावर?"

मला मास्तरांचं पटलं नाही, अजूनही पटत नाही. दुदांडी म्हणून विकली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण पिंट्याचे बाबा तांब्यासाठी तीन हजार देत नाहीयेत, महाराजांच्या हयातीतलं नाणं घरात येतंय म्हणून देतायत. नेमकं तेच त्यांना मिळणार नाही. भक्ती खरी आहे म्हणून तिच्यावर डल्ला मारणं माफ होत नाही, उलट मला त्याचीच जास्त चीड येते.

"आणि प्रमाणपत्राचं काय?" पिंट्या म्हणाला.

"सही कुणाची? विकणाऱ्याचीच. वजन लिहिलंय? नाही. पाठची बाजू स्वच्छ दाखवलीय? अर्धी."

त्याच जाहिरातीत खाली होन, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणंही होतं, एकवीसशे रुपयांना, 'सुवर्ण होन' असं ठळक अक्षरांत. अण्णा तिथे खरोखर भडकले. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सोन्याचा. नुसत्या सोन्याचाच भाव धरला तरी वीस हजारांवर जातो, आणि अस्सल तर इतके दुर्मीळ की त्यांची किंमत सोन्यावर ठरतच नाही. एकवीसशेत मुलामाच येणार. शिवाय हाताने ठोकलेल्या नाण्यावर ठसा सरकतो, अक्षरं कडेला कापली जातात. यांच्या होनावर मात्र एकूण एक अक्षर जागेवर आणि कड अगदी गोल. प्रतिकृती म्हणून विका ना, लोक हौसेने घेतील! तो शब्द मात्र पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"आणि शिवराई शिवकालीन असो की दुदांडी," अण्णा पुढे म्हणाले, "खरी असेल तर ती कायद्याने पुरावशेषच. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या कायद्यात येतात. पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. विचार की त्यांना परवाना क्रमांक."

पिंट्याने तिथेच मेसेज टाकला. निळी खूण आली, उत्तर आलं नाही.

"ग्राहक हेल्पलाइनला लाव, 1915," मास्तर आता थोडे नरमले होते. "फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो."

"दंड कुणाला करणार? जाहिरातीत पत्ताच नाही," पिंट्या म्हणाला.

"मग पार्सल दारातूनच परत पाठव," अण्णा म्हणाले. "तक्रार तरीही कर. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव, उद्या ती काढून टाकतील."