फ्यूज काहून उडतो ते पाहा न भाऊ!

मायक्रोवेव्ह पुन्हा बंद. पुन्हा फ्यूज. अन् तालुक्याचा मेकॅनिक पुन्हा तेच करून गेला: नवा फ्यूज टाकला, पैसे घेतले, "इकडं व्होल्टेज कमी-जास्त होते न ताई" म्हणाला अन् गाडीला किक मारली. आतलं काही तपासलंच नाही!

आमच्याकडची लाईन खराब आहे, मान्य. पण फ्यूज दरवेळी दार उघडतानाच उडतो, मग लाईनला काय दोष देता? दाराच्या आत बारके स्विच असतात. मुख्य स्विच चिकटून बसला अन् दार उघडलं, की दुसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. उघड्या दारातून लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून ती सोय आहे. मग स्विच बदला न! स्टार्ट दाबल्यावर उडत असता, तर वीज साठवणारा कपॅसिटर, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड, लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन, हे पाहावं लागलं असतं. तपासायचं मीटर (मल्टिमीटर) लावायला असा किती वेळ लागतो?

सगळ्यात संताप कशाचा, तर "फ्यूजच्या जागी तार गुंडाळून देतो" म्हणतो. अरे, त्या पेटीत २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो! प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठून राहतो, म्हणून घरी कोणाला ती उघडूही देत नाही मी. अन् हा तार लावणार? घरात लेकरं आहेत. नको म्हटलं, तर "ताई, तुम्ही लय विचार करता."

हो, करते. पुढच्या वेळी मीटर अन् नवे स्विच घेऊन या, नाहीतर येऊच नका.