ट्यूलिपचा बल्ब पोह्यात घालायचा नसतो

गेल्या रविवारी नेरुळला मावशीकडे गेलो तर काका ओट्यापाशी पोह्यांसाठी कांदा चिरायला उभे, आणि मी बघतोय की कांद्याची साल जरा जास्तच तपकिरी, कागदासारखी. तो ट्यूलिपचा बल्ब, म्हणजे कंद होता! भाजीच्या ड्रॉवरमध्ये सफरचंदांच्या शेजारी असे आठ बल्ब, आणि ही सगळी 'काश्मीर आता तुमच्या बाल्कनीत' या फॉरवर्डची कृपा. आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो तीनदा येऊन गेलाय, म्हणून आता लिहितोच.

मेसेज थोडक्यात असा: बल्ब 7 दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग कुंडीत लावून रोज सकाळी बर्फाचे चार तुकडे घाला, एकदा लावला की दरवर्षी फुलं, निळ्या ट्यूलिपच्या बियाही ऑनलाइन मिळतात, आणि बल्ब उरला तर किसून कोशिंबिरीत घाला, हॉलंडमध्ये लोक खातात, शुगरवर उत्तम.

शेवटचं आधी घेतो, कारण बाकीच्यात फक्त पैसे जातील.

हॉलंडवाल्यांनी खाल्ले हे खरंय. कधी? 1944-45 च्या हिवाळ्यात, देश जर्मनांच्या ताब्यात, पश्चिमेकडच्या शहरांत अन्न पोचत नव्हतं, हजारो माणसं उपासमारीने गेली, तेव्हा नाइलाजाने बल्ब शिजवून खाल्ले, तेही मधला पिवळा कोंब काढून टाकून, कारण तो विषारी. याला 'हॉलंडमध्ये खातात' म्हणायचं तर मग 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे लोकांनी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली म्हणून ती महाराष्ट्राची आवडती भाकरी म्हणा. आणि विष म्हणजे उगाच घाबरवत नाहीये. ट्यूलिपमध्ये ट्यूलिपॅलिन नावाचं द्रव्य तयार होतं, बल्बमध्ये जास्त. दिवसभर बल्ब हाताळणाऱ्या कामगारांच्या बोटांची कातडी त्याने लाल होते, भेगाळते, त्या दुखण्याला चक्क 'ट्यूलिप फिंगर्स' असं नाव आहे. पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. कुत्र्या-मांजरांनाही बाधतं, आणि मावशीचं मांजर कुंडी उकरण्यात पटाईत. शुगरचं कुठून काढलं ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

फ्रिजचा मुद्दा, ठीक आहे, मान्य, अर्धा बरोबर. पण 7 दिवस नाही हो, 12 ते 16 आठवडे, साधारण 5 डिग्रीला! हे मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं झाड, लांबलचक हिवाळा अनुभवल्याशिवाय त्याचा फुलाचा दांडा नीट वर येतच नाही. आठवड्यात काढून लावलात तर पानं येतील, फूल आलंच तर पानांतच अडकून सुकेल. म्हणजे सप्टेंबरअखेर आत टाकलेला बल्ब ख्रिसमसच्या आसपास बाहेर, कागदी पिशवीत, आणि जवळ फळं अजिबात नकोत. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्याने बल्बमधली कळी आतल्या आत मरते. मावशीचे आठही गेले असणार, मी तिला अजून सांगितलं नाहीये. त्यापेक्षा थंडी दिलेले, प्री-चिल्ड बल्ब विचारून घ्या आणि आल्या आल्या लावा.

बर्फाचं मात्र हसूच आलं. ठाण्यात जानेवारीत पहाटे 17-18 डिग्री झाली की आपण शाली काढतो, दुपारी परत 30. त्यात चार तुकडे टाकून काय होणार, थोड्या वेळात पाणी, आणि रोज रोज ते पाणी बुडाशी साचून बल्ब कुजणार. थंडी लावायच्या आधी बल्बला द्यायची असते, कुंडीतल्या मातीला वरून सरबतासारखी नाही.

दरवर्षी फुलं? दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप फुलतात ना, ते बल्ब नवी दिल्ली नगरपालिका नेदरलँड्सहून लाखांच्या हिशोबात मागवते, आणि एका हंगामात संपले म्हणून दर वर्षी परत मागवते. जानेवारीच्या रात्री 7-8 डिग्रीला जाणाऱ्या दिल्लीत ही गत, तर नेरुळच्या सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत काय होणार? श्रीनगरची दल लेकजवळची बागसुद्धा जेमतेम महिनाभर फुललेली असते. इथे आठवडाभर फूल टिकलं तरी फोटो काढा आणि खूश व्हा.

निळ्या बियांवर वेळ घालवत नाही. खराखुरा निळा ट्यूलिप नसतोच, आणि बी पेरून पहिलं फूल यायला 5 ते 7 वर्षं लागतात.

हौसच असेल तर सियाम ट्यूलिप बघा, हळदीच्या कुळातलं, आपल्या दमट हवेत मस्त येतं, पावसाळ्यात गुलाबी फुलं. किंवा साधा निशिगंध लावा की!

मावशीचे सात बल्ब सध्या स्टीलच्या डब्यात आहेत, वर काकांनी मार्करने लिहिलंय 'कांदा नाही'. आठवा अर्धा चिरलेला होता, तो मी ओल्या कचऱ्यात टाकला आणि पोहे बिनकांद्याचे खाल्ले.