पाय रुंद नाहीत, बूट अरुंद आहेत

आज संध्याकाळी ग्लोव्ह घ्यायला एका मोठ्या दुकानात गेले होते आणि डोकं तापवून घरी आले. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

शेजारच्या बाकावर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी गोल्फचे बूट घालून बघत होती. वडील मागे उभे. नुकतंच शिकायला लागली असावी, कारण वडील अगदी मनापासून विचारत होते की हे खालचे काटे कशासाठी असतात. मुलगी म्हणाली, करंगळीपाशी दाबतंय. विक्रेत्यानं तिच्या पायाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "तुझे पाय रुंद आहेत ना, पायाचाच प्रॉब्लेम आहे. एक नंबर वरचा घे. मुलींचे येत नाहीत आमच्याकडे, हे मुलांचेच आहेत, सगळ्या हेच नेतात." आणि त्या पोरीनं चटकन पाय बाकाखाली ओढून घेतले. जणू तिनं काही लपवायला हवं होतं!

मी मध्ये पडले. विक्रेत्याला राग आला, येऊ दे. बापलेक न घेता बाहेर पडले, हे बरं झालं. दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण हे एका दुकानाचं नाहीच.

"पायाचाच प्रॉब्लेम आहे." हे वाक्य आमच्या घरात येऊन गेलेलं आहे. माझे मोठे दीर, भाऊजी, वीज मंडळातून निवृत्त झाले आणि साठीनंतर त्यांनी गोल्फ धरलं. आयुष्यभर सबस्टेशनांच्या फेऱ्या मारलेला माणूस, चालण्याची सवय दांडगी. बूट घ्यायला जाऊबाई बरोबर गेल्या होत्या, त्यांच्याकडूनच मी सगळं ऐकलं. आठ नंबर लांबीला बरोबर बसत होता, फक्त चवड्यावर आवळत होता. दुकानदारानं तेच सांगितलं, साहेब तुमचे पाय रुंद, नऊ घ्या. भाऊजींनी नऊ घेतले. चवडा मोकळा झाला आणि टाच आत डुगडुगायला लागली. त्यावर उत्तर काय, तर जाड मोजे घाला.

जुलैत पुण्याबाहेरच्या एका डोंगरउताराच्या गोल्फ कोर्सवर, म्हणजे मैदानावर, भाऊजी पडले. आता हे नीट वाचा, कारण लोक ऐकताना चुकीचं ऐकतात. ते घसरले नाहीत. बुटाचे काटे नवे होते, गवतात घट्ट रुतलेले होते. उतारावर पाय बुटाच्या आत पुढे सरकला, टाच उचलली गेली आणि घोटा वळला. बुटानं जमीन धरली होती, पायाला कुणी धरलं नव्हतं. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर, मग फिजिओ, मग काठी.

म्हणून कुणी "ग्रिप चांगली आहे का" एवढंच विचारून बूट घेतो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. ग्रिप अर्धीच गोष्ट आहे. पकड जितकी पक्की, तितकाच बूट पायाला घट्ट बसलेला हवा, नाहीतर ती पकड तुमच्यावरच उलटते.

आणि रुंद पायांचं म्हणाल तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष काय निघाला? भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून आपल्यासाठी "भा" नावाची वेगळी मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे भाऊजींचा पाय विचित्र नव्हता, त्या मुलीचाही नाही. आपण सगळे परदेशी साच्यावर घडवलेल्या बुटात पाय कोंबतोय आणि वर ओशाळतोय.

बूट रुंदीतही मिळतात, हे किती जणांना माहीत आहे? पुरुषांचा नेहमीचा बूट "डी" रुंदीचा असतो, त्यापुढे "टू-ई", "फोर-ई" असतात. बायकांचा नेहमीचा "बी" आणि रुंद हवा असेल तर "डी". खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फूटजॉयसारखी कंपनी एकच मॉडेल दोन-तीन रुंदींत काढते. दुकानदार ठेवत नाहीत, कारण माल अडकतो. त्यांचंही पोट आहे, कबूल. पण मग "मागवून देतो, आठवडा लागेल" एवढं म्हणायला काय जातं? लांबी वाढवून रुंदी मिळवणं हा इलाज नाहीच. भाऊजींच्या घोट्यात आज स्क्रू आहे तो याच इलाजाचा.

नवऱ्यानं आत्ताच विचारलं, एवढं काय, साधे धावायचे बूट घालून खेळता येत नाही का? रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, मॅटवर उभं राहून चेंडू मारायचे असतील तर खुशाल घाला. पण कोर्सवर नको. धावण्याचा बूट पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो, खाली मऊ जाड फोम असतो. गोल्फमध्ये माणूस जागच्या जागी वळतो. उजव्या हाताचा खेळाडू क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, खाली आणतो तेव्हा उजवा पाय जमिनीला रेटा देतो, अंगाचा बहुतेक भार डाव्या पायावर जातो, कंबर वळते आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर सगळा ताण येतो. तिथे मऊ फोम कलंडतो. म्हणून गोल्फच्या बुटाचा तळ रुंद असतो, कडा ताठ असतात, टाचेची वाटी घट्ट असते. आणि हे सगळं सांभाळून त्या बुटात चालायचं किती? अठरा होल, म्हणजे एक पूर्ण खेळ, कागदावर साडेपाच-सहा किलोमीटर दिसतात. चेंडूच्या मागे डावीउजवीकडे फिरत, एका ग्रीनवरून (खळग्याभोवतीच्या आखूड गवतावरून) पुढच्या टीपर्यंत (पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत) जात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. चार-साडेचार तास. उन्हात किंवा चिखलात.

टायगर वूड्सचंच बघा. तोवरची सगळी कारकीर्द नायकेबरोबर. फेब्रुवारी २०२१ मध्ये गाडीच्या अपघातात उजवा पाय चेचला गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये मास्टर्स या मोठ्या स्पर्धेला परतला तेव्हा पायात फूटजॉयचे बूट होते. विचारलं तर सांगितलं, पायाला जास्त स्थिर ठेवणारं काहीतरी हवं होतं. अंगावर नायकेचे कपडे आणि पायात दुसऱ्याचे बूट, साऱ्या जगासमोर! त्या डोंगराळ कोर्सवर चारही दिवस चालला तो माणूस. आणि आपण लोगो बघून बूट घेतो.

आता ज्यांना खरंच घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी, जरा शांत होऊन लिहिते. मेसेजमध्ये दोन-चार जणांनी विचारलेलंही आहे.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, खेळतानाही सुजतात. खेळताना घालता तेच मोजे न्या. माप उभं राहून द्या, बसून नाही, कारण भार पडल्यावर चवडा पसरतो. दोन्ही पाय मोजायला लावा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, बूट त्या पायाचा घ्यायचा. मग बुटातला आतला तळवा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर येत असेल तर तो बूट अरुंद आहे, घालूनसुद्धा बघू नका. हे भाऊजींना त्या दिवशी कुणी दाखवलं असतं तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता.

घातल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाडी खालपासून ओढत वर या, नुसती वरची गाठ मारून उठू नका. दुकानात उतरता रॅम्प असेल तर त्यावरून खाली चाला. बोटं पुढे आपटता कामा नयेत, टाच उचलता कामा नये. मग स्टान्स घ्या, म्हणजे फटका मारायला उभे राहता तसे उभे राहा, आणि क्लबशिवाय चार-पाच स्विंग करा. लोक बघतील, बघू दे. पूर्ण वळल्यावर डावा पाय बुटात सरकतोय का, एवढ्याकडेच लक्ष द्या. आणि "वापरून सैल होईल" हे ऐकलंत की उठा. चामडं थोडं सैलावतं, हे मान्य. पण जलरोधक अस्तराचे आणि कृत्रिम चामड्याचे आजचे बूट फारसे सैलावत नाहीत, आणि पहिल्या दिवशी दुखणाऱ्या बुटात आठ किलोमीटर चालायची कुणी कुणावर सक्ती करू नये.

काट्यांचे घ्यावेत की बिनकाट्यांचे, यावर आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडणं होतात. लोखंडी खिळे १९९० च्या दशकात मागे पडले, ग्रीनचं गवत फाडायचे म्हणून. आता प्लास्टिकचे बदलता येणारे काटे असतात. २०१० च्या मास्टर्समध्ये अमेरिकी खेळाडू फ्रेड कपल्स पन्नाशीचा असताना बिनकाट्यांचे, साध्या फिरण्याच्या बुटांसारखे दिसणारे एको कंपनीचे बूट घालून, तेही मोज्यांशिवाय, पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत खेळून आघाडीवर होता. तेव्हापासून बिनकाट्यांची लाट आली. दिसायला छान, हलके, गाडीतून घालूनच जाता येतं. नोव्हेंबर ते मे त्यांनी सहज निभावतं, हेही मी मान्य करते.

पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर आहे! फेअरवेवरचं (टी आणि ग्रीनच्या मधल्या पट्ट्यावरचं) बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. आखूड कापलेली, ओली झाली की बुळबुळीत. उतारावर गवत विरळ झालेलं असेल तर खाली मुरूम किंवा चिकण माती. बिनकाट्यांच्या तळातल्या गुठळ्यांमध्ये ती माती भरली की तळ सपाट झाला. पावसाळ्यात खेळणार असाल तर काट्यांचेच घ्या, यावर मी हटणार नाही. दर दोन-तीन होलला टीनं, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीनं, माती उकरून काढा. काटे झिजतात, ते बदला. छोटा पाना मिळतो, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बिनकाट्यांच्या बुटाचा तळ झिजला की सगळा बूटच गेला, हा हिशेबही घेताना धरा. ओले बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, गॅसजवळ नको. नाहीतर चामड्याला भेगा पडतात, आणि डिकीत तसेच ठेवले तर बुरशी.

बूट महाग आहेत, हे मला कळतं. पण क्लबांवर, चेंडूंवर, अंतर मोजायच्या रेंजफाइंडरवर एवढा खर्च करणारी माणसं पायांपाशी येऊन काटकसर करतात, ते मला पटत नाही.

त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाहीये. ऑगस्ट २०२१ मध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा शनिवारी पहाटे उठून आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. ज्यांना बोगी आणि बर्डी कळत नव्हतं तेही. तेव्हा सगळ्यांना वाटलं आपल्या पोरींनीही खेळावं. मग पोरी खेळायला आल्या तर त्यांच्या मापाचे बूट नकोत? मुलींची टाच चवड्याच्या मानानं अरुंद असते. मुलांचा बूट चवड्यात बसवला तर टाच सैल पडणार. म्हणजे भाऊजींचं झालं तेच, फक्त पंधराव्या वर्षी. बाबांनो, मुलीला दुसऱ्या दुकानात न्या, ऑनलाइन मागवा, परत करा, पुन्हा मागवा. ऑनलाइन बूट घेऊ नयेत असं माझं ठाम मत होतं आणि आहे, पण दुकानात माल नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग काय?

आणि एक गोष्ट राहिली. लिहिता लिहिता राग दुसरीकडेच वळलाय.

भाऊजी पडले तेव्हा सगळ्यात आधी धावला तो त्यांचा कॅडी, म्हणजे त्यांची बॅग वाहणारा माणूस. खांद्यावर चौदा क्लबांची दहा-बारा किलोची बॅग. ती टाकून तो त्याच ओल्या उतारावरून खाली पळाला, भाऊजींना बसतं केलं, बुटाची नाडी सोडली, पाय सुजायच्या आत अलगद बूट काढला. नंतर त्यांना आधार देऊन वर रस्त्यापर्यंत आणलं. त्याच्या पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट होते, तळ पूर्ण गुळगुळीत. जाऊबाईंच्या ते लक्षात आलं. आमच्यातल्या खेळणाऱ्या कुणाच्या कधी आलं नव्हतं.

आपण ग्रिपवर तासन् तास बोलतो. आपल्याइतकंच अंतर, आपल्यापेक्षा जास्त ओझं, तोच उतार, तोच पाऊस, आणि त्याच्या पायाकडे कुणी बघत नाही. पडला तर त्या दिवसाची मजुरीही बुडाली. याच माणसांमधून अली शेर आले, दिल्लीत कॅडी होते, १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकले. बंगळूरचे मुनियप्पा कॅडी होते, २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकले. कौतुकाच्या गप्पा आपण आवडीनं मारतो. काही सभासद स्वतःचे जुने बूट कॅडीला देतात, त्यामागची भावना चांगली असते हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच्या मापाचा बूट घालून उतारावरून चालायचं म्हणजे काय, ते आमच्या घरानं बघितलंय.

म्हणून क्लबच्या समितीला अर्ज लिहिला आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी प्रत्येक कॅडीला पकड असलेला, जलरोधक बुटांचा एक जोड क्लबच्या खर्चानं द्यावा. आठ-नऊ नंबरचे खोके सरसकट मागवायचे नाहीत, प्रत्येकाचे दोन्ही पाय उभं करून मोजायचे आणि मग ऑर्डर द्यायची, ही अट अर्जात घातली आहे. बायका-मुली कॅडी म्हणून येतात, त्यांचं माप वेगळं घ्यायचं, हेही लिहिलं आहे. रविवारी सकाळी पहिल्या टीपाशी अर्ज घेऊन उभी असेन. आपल्या क्लबातले जे हे वाचताय, त्यांनी टी-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या, आधी येऊन सही करा.