स्वीडनने संगणक फेकून दिलेले नाहीत

शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं सार असं: ‘स्वीडनने शाळांतून संगणक हद्दपार करून पुस्तकं परत आणली. पडद्यामुळे मुलं एकलकोंडी होतात, शिक्षकाला काम उरत नाही. शिवाय खेड्यातल्या पोरांकडे फोन नाहीत, म्हणजे हे सगळे शहरी चोचले.’ खाली हात जोडलेले पन्नास इमोजी.

आधी स्वीडन. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं आणि त्या वर्षी शाळांच्या पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. सक्ती काढली म्हणजे बंदी घातली, असा अर्थ आपल्याकडे कुणी लावला कोण जाणे. आणि बालभारतीचं पुस्तक आपल्या दप्तरातून कधी गेलंच नव्हतं, ते परत काय आणायचं? उलट त्याच पुस्तकात क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधीच केला होता. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. परितेवाडी काही शहरात नाही.

फोन नसलेल्या पोरांचंच बोलायचं तर माझा पाचवीचा वर्ग घ्या. अख्ख्या वर्गात फोन एकच, माझा. मुलांच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेली, प्लिकर्स नावाच्या ॲपची कार्डं असतात. प्रत्येकावरची काळी-पांढरी नक्षी वेगळी, चार बाजू म्हणजे चार पर्याय. जो पर्याय बरोबर वाटतो ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो की कुणी काय धरलं ते नावानिशी दिसतं. अक्षरं बारीक आणि नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही.

एकदा विचारलं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? निम्म्या वर्गाने एक चतुर्थांश धरला. तीनपेक्षा चार मोठे ना! तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरच्या तिघांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी पुढच्या धड्याला लागलो असतो. त्या दिवशी पुढचा धडा राहिला. चौघाचौघांचे गट केले, दोन भाकऱ्या मागवल्या, एकीचे तीन तुकडे, दुसरीचे चार. गटात असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून गेल्या. मग तोच प्रश्न पुन्हा, पुन्हा कार्डं वर. या वेळी चुकलेली तीनच.

एकलकोंडेपणाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. एका पडद्यासमोर किती मुलं बसवता, त्यावर सगळं आहे. १९९९ मध्ये सुगत मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत एक संगणक बसवला, तर त्याभोवती मुलांचा घोळकाच जमला आणि कुणी न शिकवता मुलं तो वापरायला लागली. (त्यावरून पुढे ‘शिक्षकाविनाही भागतं’ असा जो सूर निघाला, तो मला मान्य नाही.)

कारण शिक्षकाचं काम उरतंच. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची नीट चाचणी झाली. मूल खरोखर जिथे अडलंय तिथून ते प्रश्न देतं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलं इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. पण दीड तासाच्या तासिकेतला पाऊण तास मुलं संगणकावर असत आणि पाऊण तास एक माणूस त्यांना छोट्या गटात शिकवत असे. हा दुसरा पाऊण तास जाहिरातीत कधी दिसत नाही.

मजकुरात खरं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले आणि पंधरा महिन्यांनी तपासलं, तर गणितात आणि भाषेत फरक नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे बारा टॅब आले होते, अजून प्लास्टिकसकट कपाटात असतील. प्रशिक्षण झालं नाही, चार्जिंगला एकच सॉकेट, आणि बिल थकल्यामुळे त्या वर्षी दिवाळीपासून वीजही तोडलेली. टॅबसाठी निधी आला होता, वीजबिल मात्र आम्ही मास्तरांनी वर्गणी काढून भरलं.