काकू, तुमची कमेंट तीनदा वाचली

नमस्कार काकू,

उत्तराला उशीर झाला, आठवडाभर लेकीला ताप होता. आई म्हणून मी किती दमते ते लिहिलेल्या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलंय की आम्ही नोकरी सांभाळून दोन मुलगे वाढवले, कधी ब्र काढला नाही, आजच्या मुलींना मिक्सर मशीन सगळं हाताशी असून आईपणाचं एवढं रडगाणं कशाला, आणि उद्या लेक मोठी होऊन हे वाचेल तेव्हा तिला काय वाटेल.

शेवटचं आधी घेते कारण ते मनाला लागलं. पोस्टमध्ये लेकीचं अंथरूण ओलं झाल्याचा जो पॅरा होता तो मी काढून टाकलाय. ती तिची गोष्ट होती, चारचौघात सांगायचा मला हक्क नव्हता. तुम्ही बोललात म्हणून लक्षात आलं, खरंच थँक्यू.

पण रडगाणं म्हणालात ते नाही पटलं काकू. आजारी पडायच्या आदल्या सोमवारचंच सांगते. रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज, उद्या तीन वेगवेगळ्या आकाराची पानं पाठवा. नवरा चाकणला सेकंड शिफ्टला, मी हिंजवडीहून धायरीला येता येता नवले पुलापाशी अर्धा तास अडकून नुकती आलेली, भांडी तशीच, लेक पेंगलेली, तिला एकटीला घरात सोडता येत नाही म्हणून कडेवर घेऊन मोबाईलचा टॉर्च लावून सोसायटीच्या बागेत पानं शोधली. अशोकाचं मिळालं, जास्वंदीचं मिळालं, तिसरं काही केल्या मिळेना, शेवटी फ्रीजमधली कढीपत्त्याची डहाळी दिली. हे काही संकट नाही हो, मला माहितीये. पण असं रोज काहीतरी असतं आणि ते आईच्याच डोक्यात असतं, नखं कापायचीत, बूट लहान झालेत, डोस कधीचा आहे, व्हॅनवाल्या काकांचे पैसे द्यायचेत.

२०१९ साली सरकारनेच देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली होती. स्वतःच्या घरातलं काम करण्यात बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे मिक्सर-मशीनच्या जमान्यातही जवळजवळ पाच तास, आणि मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं त्यात वेगळं धरलंय. आणि डोक्यात जे चालू असतं ते मिनिटांत कसं मोजणार?

आता दुसऱ्या दिवशीचं ऐका. संध्याकाळी लेक व्हॅनमधून उतरली ती उजव्या हाताची मूठ घट्ट आवळून. म्हटलं काय गं आणलंस, तर मूठ माझ्या नाकाशी धरून उघडली, आत काहीच नाही. म्हणे, आई वास घे, दिवसभर माझ्या हाताला तुझ्या पोह्यांचा वास येत होता, मी डबा खाऊन हातच नाही धुतले. आता हात न धुतल्याबद्दल ओरडायला हवं होतं, पण मी तिथेच गेटवर बसून घेतलं तिला मांडीत. ऑफिसात दहा वर्षं झाली, अप्रेझलला असं कधी झालं नाही मला. हे पण मीच लिहिते ना काकू, त्याच पानावर? दमले म्हणते ती मीच आणि हे सांगते ती पण मीच, त्यातलं एक झाकून दुसरंच लिहिलं तर ते खोटं होईल.

तुमची कमेंट मी आईला वाचून दाखवली. तिने मला सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत वाढवलं, नोकरी करून. तुमच्याच बाजूने बोलेल वाटलं होतं. ती भाजी निवडत होती, म्हणाली, "ब्र काढला असता तरी ऐकणार कोण होतं?" मग बऱ्याच वेळाने म्हणाली, पण मला वाड्यात कुणाच्याही दारात सोडून जाता यायचं, तुला ते नाही. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती, २०१७ पासून ती २६ झाली. रजा वाढली ते फार बरंच झालं, पण पुढची वर्षं कुणाच्या भरवशावर काढायची? आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत, दिवसा चारही दारांना कुलूप असतं.

तुमच्या कमेंटमध्ये एक ओळ होती, शेजारच्या आज्जींनी थोरल्याला शाळेत जाईपर्यंत सांभाळलं. एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. त्या आज्जींबद्दल सविस्तर लिहाल का? सकाळी त्याला त्यांच्याकडे देताना तो रडायचा का, तुम्ही काय करायचात, त्यांना काही देता यायचं का बदल्यात. मी वाट बघते.